पीएसएची वही

पीएसएचा रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी उजवीकडचा रकाना बघतो. तिथं ‘० ते ४’ असं छापलेलं असतं. आपला आकडा त्याच्या आत असेल तर कागद घडी होऊन खिशात जातो. बाहेर असेल तर त्या रात्री घरात कुणाला जेवण जात नाही. मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात तंत्रज्ञ म्हणून माझी उभी नोकरी झाली, आणि रिपोर्टच्या खिडकीपाशी असे चेहरे मी पुष्कळ पाहिले. पुढं त्याच आजाराचा मी पेशंट झालो. आता काही वर्षं प्रोस्टेटच्या कॅन्सरसोबत राहतो आहे. मला जे सांगायचंय ते या आकड्यापासूनच सुरू होतं. या आजारात शरीराला काही जाणवायच्या आधी आकडा समोर येतो, आणि तो वाचायचा कसा हे कुणीच शिकवलेलं नसतं.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन. निरोगी ग्रंथीही ते बनवते. वयानं वाढलेली ग्रंथी जास्त बनवते, सुजलेली असेल तर त्याहून जास्त. लघवीत जंतुसंसर्ग झालेला असेल किंवा नुकतीच नळी घातलेली असेल, तरी आकडा चढतो. याच्या उलटही होतं. लघवीच्या त्रासासाठी फिनास्टेराइड किंवा ड्यूटास्टेराइड बरेच महिने चालू असेल, तर आकडा साधारण निम्म्यावर येतो, आणि ती गोळी डॉक्टरांना सांगितली नाही तर तीनचा रिपोर्ट बघून सगळेच निश्चिंत होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९८६ साली ही तपासणी मान्य केली ती ज्यांना कॅन्सर आधीच झालाय त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी. निदानासाठी वापरायची मान्यता १९९४ साली मिळाली. चारची रेघ तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात बसली. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पीएसए चार किंवा त्याखाली असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली, तेव्हा त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांना कॅन्सर सापडला. चारच्या वर असलेल्या कितीतरी जणांना तो नसतो. रेघ सोयीसाठी ओढलेली आहे. शरीर ती पाळत नाही.

हे मला पुस्तकाआधी कामानं शिकवलं होतं. पेशंटचं एकही सॅम्पल लावायच्या आधी सकाळी मशीनवर कंट्रोल लावायचं, म्हणजे ज्याची व्हॅल्यू आधीच ठाऊक आहे असं सीरम. त्याचा आकडा तक्त्यावर टिंब म्हणून मांडायचा. याला लेव्ही-जेनिंग्ज तक्ता म्हणतात. मधली रेघ अपेक्षित आकड्याची, वरखाली दोन-दोन रेघा चालेल तेवढ्या फरकाच्या. तेच सीरम, तेच मशीन, तोच हात, तरी टिंब रोज त्याच जागी पडत नाही. थोडं वर, थोडं खाली. एका टिंबावरून आम्ही कधी घाबरलो नाही. टिंबं एकाच दिशेनं सरकायला लागली की मात्र हातातलं काम थांबवून कारण शोधायचं, हा नियम. माणसाच्या रक्तातल्या पीएसएला तर मशीनच्या फरकाखेरीज शरीराचा स्वतःचा चढउतार असतो. त्यात किटचा फरक. जुन्या पद्धतीनं प्रमाणित केलेलं किट आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकावर बसवलेलं किट यांत वीस टक्क्यांच्या आसपास अंतर पडू शकतं. म्हणजे सांगलीत एका लॅबमध्ये पाच आलेला माणूस दुसऱ्या लॅबमध्ये चारावर येईल, आणि मध्ये घेतलेल्या काढ्याला श्रेय देऊन मोकळा होईल.

माझा आकडा सातच्या पुढं आला तेव्हा मी नोकरीतच होतो. नेहमीच्या आरोग्यतपासणीत आला. लघवीचा काही त्रास नव्हता. विभागातल्या सहकाऱ्यानं न सांगता पुन्हा कंट्रोल लावलं, सॅम्पल पुन्हा चालवलं, तोच आकडा आला. काही आठवड्यांनी लघवीची तपासणी करून, संसर्ग नाही याची खात्री करून, परत रक्त दिलं. किंचित कमी आला, पण रेघेच्या बराच वर. मग एमआरआय, मग बायोप्सी. बायोप्सीत ग्रंथीच्या वेगवेगळ्या भागांतून सुईनं साधारण बारा बारीक तुकडे काढतात, आणि संशयाच्या जागेतून आणखी काही.

रिपोर्टवर लिहून आलं: ग्लीसन ३+३=६. मी पॅथॉलॉजीच्या मॅडमना विचारलं, “मला माझी स्लाइड बघायला मिळेल?” त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “बसा.” एकाच स्लाइडकडे दोघांना बघता येतं असा सूक्ष्मदर्शक त्यांच्या टेबलावर होता. गुलाबी-जांभळ्या रंगात छोट्या छोट्या गोल ग्रंथी दिसत होत्या, एकमेकींना खेटून, पण प्रत्येक वेगळी, प्रत्येकीची कड शाबूत. “हा तीनचा नमुना,” त्या म्हणाल्या. मग आपल्या संग्रहातली दुसरी एक स्लाइड लावली. तिथं ग्रंथी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, कुठं चाळणीसारखी छिद्रं. “हा चार. हा मला आवडत नाही. तुमच्यात तो नाही. निदान आम्हाला मिळालेल्या तुकड्यांत नाही.” ते शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम म्हटलं, आणि मला ते फार मोलाचं वाटलं. सुई जिथं गेली तिथलंच आपल्याला कळतं.

ही पद्धत बसवणारे डॉ. डोनाल्ड ग्लीसन हे मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट. १९६६ साली त्यांनी ती मांडली. नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते चित्र काढून पाच नमुन्यांत बसवलं, आणि सर्वांत जास्त दिसणारे दोन नमुने घेऊन बेरीज केली. आज प्रत्यक्षात बेरीज सहापासून दहापर्यंत जाते. अडचण अशी की सहा हा सगळ्यात सौम्य, पण ऐकणाऱ्याला वाटतं दहापैकी सहा, म्हणजे अर्ध्याहून पुढं गेलेला. म्हणून २०१४ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं एक ते पाच असे गट मान्य केले. त्यात माझा पहिला गट. रुग्णांना रिपोर्ट समजावताना हे एक वाक्य जरी कुणी सांगितलं तरी केवढी झोप परत येईल.

डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता उपचार नको, नजर ठेवू. पीएसए ठरलेल्या अंतरानं, वेळ आली की एमआरआय, पुन्हा बायोप्सी. घरात हे कुणालाच पटेना. ही म्हणाली, “अहो, कॅन्सर आहे म्हणतात आणि काहीच करायचं नाही म्हणतात, हे कसलं?” मुलगी पुण्याहून आली ती ऑपरेशनचीच चौकशी करून. मी तिच्यापुढं ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष ठेवले. १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं होतं: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. २०२३ साली पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत या कॅन्सरनं गेलेले सुमारे तीन टक्के. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, तेही मी तिच्यापासून लपवलं नाही. बऱ्याच जणांना पुढं कधीतरी उपचार घ्यावे लागले. पण लघवीवरचा ताबा आणि पुरुषत्वाशी संबंधित त्रास तेवढी वर्षं पुढं गेले. ती दोन दिवस ते कागद वाचत बसली. मग म्हणाली, “बाबा, पण तपासणी एकही चुकवायची नाही.” आमचा करार झाला.

वही तेव्हा सुरू केली. शाळेची दोनशेपानी वही. प्रत्येक पीएसएची तारीख, लॅब, किटचं नाव, त्या आठवड्यात ताप होता का, कोणती औषधं चालू होती. शेजारी आलेखाच्या कागदावर टिंब. लॅबमध्ये मशीनसाठी जे करत होतो तेच स्वतःसाठी. वजन, कंबर, रक्तदाब आणि साखर यांनाही त्याच वहीत जागा दिली.

आणि मग आहार. या बाबतीत मला जेवढे सल्ले मिळाले तेवढे दुसऱ्या कशाबद्दल मिळाले नसतील. लक्ष्मणफळाचा पाला, गोमूत्र, हळदीचे डोस, दूध बंद, साखर बंद, गहू बंद. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत माया असते, म्हणून नाही म्हणणं अवघड जातं. मी ठरवलं, जे नीट तपासलं गेलंय ते आधी वाचायचं. नोकरीमुळं इंग्रजी वैद्यकीय लेख वाचायची थोडी सवय होती, न कळलेले शब्द डॉक्टरांना विचारायचो. वाचून हाती आलं ते असं. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व यांनी हा कॅन्सर टळतो का, हे बघायला अमेरिकेत ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर चाचणी झाली. २००८ साली गोळ्या थांबवाव्या लागल्या. २०११ च्या निष्कर्षात तर ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. भाज्यांबद्दलही असंच. माझ्यासारख्याच, नजरेखाली असलेल्या ४७८ जणांवर एक चाचणी झाली, २०२० साली प्रसिद्ध झाली. रोज भरपूर भाज्या खायला लावल्या, त्यांनी त्या खाल्ल्या, आणि दोन वर्षांत आजार पुढं सरकण्यात फरक पडला नाही.

हे वाचून ही विचारात पडली. “मग तुम्ही तेल-तूप कमी कशाला केलंत?” कारण सरळ होतं. सौम्य प्रोस्टेट कॅन्सर झालेल्या पुरुषांना त्या कॅन्सरपेक्षा हृदयविकाराचा धोका पुष्कळदा मोठा असतो. माझी कंबर सुटलेली होती, रक्तदाब काठावर होता, साखर काठावर होती. म्हणून शाळूची भाकरी, रोज एक उसळ, पानात डावी-उजवीकडं भाजी आणि कोशिंबीर, फरसाण आणि बेकरी घरात आणायची नाही, तंबाखू कायमची बंद. पहाटे कृष्णा घाटाकडं भरभर चालायचं, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या वेगानं. हे सगळं मी कॅन्सर बरा करायला केलं नाही. आणि म्हणूनच टिकलं, असं मला वाटतं. प्रत्येक पीएसएला आहाराची परीक्षा मानणारी माणसं मी पाहिली आहेत. आकडा वाढला की त्यांना वाटतं परवा लग्नात जेवलो म्हणून वाढला. आजारावर आणखी अपराधीपणाचं ओझं. ते कुणी घेऊ नये, हे मी जिथं बोलायला मिळेल तिथं बोलतो.

काही वर्षांनी टिंबं सरकायला लागली. एक, मग दुसरं, मग तिसरं, एकाच दिशेला, एकाच लॅबमध्ये, एकाच किटवर. पुन्हा एमआरआय, पुन्हा बायोप्सी. या वेळी ४+३. मॅडमनी दाखवायच्या आधीच मला सूक्ष्मदर्शकातून चाळणीसारखी छिद्रं दिसली. आता उपचार घ्यायचे हे मीच डॉक्टरांना म्हणालो, त्यांना मला समजवावं लागलं नाही. रेडिएशन आणि त्यासोबत काही महिने हार्मोनची इंजेक्शनं असं ठरलं.

पूर्वी प्रोस्टेटचं रेडिएशन सात-साडेसात आठवडे चाले. २०१६ साली ब्रिटनच्या एका मोठ्या चाचणीनं दाखवलं की प्रत्येक वेळचा डोस थोडा वाढवून चार आठवड्यांत २० वेळा दिलं तरी परिणाम तितकाच चांगला राहतो. ज्याला आटपाडीहून एसटीनं यायचंय आणि गुरांना वैरण घालायला कुणाला तरी सांगून यायचंय, त्याच्यासाठी या साडेतीन आठवड्यांच्या फरकाची किंमत केवढी आहे, ते त्या प्रतीक्षागृहात बसल्यावर कळतं. तिथं सगळे पाणी पिऊन बसलेले. मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं असावं लागतं, म्हणजे ग्रंथी रोज त्याच जागी राहते आणि आजूबाजूला कमी मार बसतो. नंबर लांबला की सगळ्यांची चुळबुळ सुरू. त्या अवघड अर्ध्या तासात आम्ही एकमेकांशी जे बोललो ते बायकांशी, मुलांशी बोललो नव्हतो.

त्यात आटपाडीकडचे एक डाळिंबवाले होते. हार्मोनची महागडी इंजेक्शनं वर्षानुवर्षं परवडायची नाहीत म्हणून त्यांनी अंडग्रंथी काढायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. एकदाच खर्च. परिणाम तोच. पुरुषी संप्रेरक बंद केलं की हा कॅन्सर आक्रसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली शिकागोत दाखवलं, १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि ते मूळ ऑपरेशन आजही आपल्या शेतकऱ्याला उपयोगी पडतंय. डाळिंबवाल्यांनी एक दिवस मला बाजूला घेतलं. “साहेब, डाळिंबानं ह्यो कॅन्सर थांबतोय म्हणं. खरं हाय का? माझी तर बागच हाय.” मी ते वाचलेलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात उपचार झालेल्या काही पुरुषांना रोज डाळिंबाचा रस दिला, आणि पीएसए दुप्पट व्हायला लागणारा काळ १५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेला. बातमी जगभर झाली. पण त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता. पुढं रसासारखंच दिसणारं पण डाळिंब नसलेलं पेय देऊन चाचणी केली, तर ते पिणाऱ्यांचाही काळ लांबला, आणि गटांत ठोस फरक उरला नाही. मी त्यांना तसंच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. “मग खाऊ नको का?” म्हटलं, “खा की. गोड लागतं म्हणून खा. रेडिएशन सोडून खाऊ नका.” त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी पिशवीभर घेऊन आले.

हार्मोनच्या इंजेक्शनांनी मला जे दाखवलं ते रेडिएशननं दाखवलं नाही. रात्री अंगातून एकदम वाफ निघाल्यासारखं व्हायचं, बनियन भिजायचा, पाच मिनिटांनी थंडी वाजायची. हिनं हे सगळं स्वतः काही वर्षांपूर्वी सोसलेलं. तेव्हा तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आता ती न बोलता पंखा वाढवायची आणि पायाशी चादर ठेवायची. इच्छा गेली. ती कमी होते असं लिहिलेलं असतं, पण ती दिवा मालवावा तशी जाते, आणि त्यासोबत उगाच डोळ्यांत पाणी येणं, उगाच चिडणं येतं. पुरुष याबद्दल बोलत नाहीत. डॉक्टरही विचारल्याशिवाय फार सांगत नाहीत. मी हिला सगळं सांगितलं, कोणत्या औषधानं हे होतं, का होतं, आणि माझ्या मनातलं तिच्याबद्दलचं काही बदललेलं नाही. त्या संध्याकाळनंतर घरात बरंच सोपं झालं.

शरीर मात्र झपाट्यानं बदलतं. संप्रेरक गेलं की स्नायू उतरतात, चरबी चढते, हाडं विरळ होतात, साखर वाढायला वाव मिळतो. इथं व्यायामाचा पुरावा खरोखर भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या एडिथ कोवन विद्यापीठातल्या गटानं २०१० साली दाखवलं, की हार्मोन उपचार चालू असतानाही वजनांचा आणि चालण्याचा व्यायाम बारा आठवडे केला तर स्नायू आणि ताकद वाढते. नुसतं चालून हे भागत नाही, भार लागतो. फिजिओथेरपिस्टनं मला खुर्चीतून हात न टेकता उठबस, रबरी पट्टा, भिंतीवर दंड आणि पाण्याचे कॅन उचलणं असं बसवून दिलं. हाडांची घनता आधी डेक्सा स्कॅननं मोजून घेतली, मगच वजन वाढवलं, कारण हाडात गाठ पसरलेल्याला हे सगळे व्यायाम चालत नाहीत. नाचणी, दूध, तीळ, अंडी वाढवली. ड जीवनसत्त्व तपासून, कमी निघालं तेव्हा डॉक्टरांच्या डोसनं घेतलं. त्या महिन्यांत मी थकलो, पण खचलो नाही, आणि त्याचं श्रेय मी त्या रबरी पट्ट्याला देतो.

इंजेक्शनं थांबली. पीएसए अगदी तळाला गेला होता. काही महिन्यांनी तो थोडा वर आला, पुढच्या वेळी आणखी थोडा. मुलीचा फोन आला, आवाज घाबरलेला. मी वही उघडली. रेडिएशननंतर ग्रंथी जागेवरच असते, त्यामुळं पीएसए शून्य होत नाही. हार्मोन परत यायला लागलं की उरलेल्या निरोगी पेशी थोडं बनवतातच. शिवाय पहिल्या दोन-तीन वर्षांत काहींचा आकडा उगाच उसळतो आणि आपोआप बसतो. म्हणून आजार परतला असं म्हणायला सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा पूर्ण दोननं वाढ व्हावी लागते, असं २००५ साली फिनिक्सच्या बैठकीत ठरलं. माझी वाढ त्याच्या जवळपासही नव्हती. डॉक्टरांना मी पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही तपासूया का असं विचारलं. ते म्हणाले, जरूर. ते वर आलेलं निघालं, म्हणजे वाढीचं कारण समोर होतं. त्यानंतर आकडा एका पातळीवर थांबला. तो परत चढलाच तर काय करायचं, कोणता स्कॅन, कोणते पर्याय, तेही त्याच भेटीत विचारून वहीत लिहून ठेवलंय.

निवृत्तीनंतर आठवड्यातून एक सकाळ मी अशा पेशंटांसोबत बसतो. औषध सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. रिपोर्ट तारखेनुसार लावून देतो, आकड्यांचा आलेख काढून देतो आणि डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न मराठीत लिहून देतो. तीनच, कारण ओपीडीत त्याहून जास्त वेळ मिळत नाही. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का, हे आवर्जून विचारतो. बऱ्याच किटमध्ये बायोटिन ढवळाढवळ करतं आणि पीएसए खोटाच कमी दाखवू शकतं. गोळी केसांची आहे म्हणून ती कुणी डॉक्टरांना सांगत नाही.

माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात असतो. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना हा आजार असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, हे मी त्याला निदान झाल्यापासून सांगतोय. “दादा, मला काही त्रासच नाही,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. मलाही नव्हता. शेवटी गेल्या महिन्यात त्याच्या बायकोनं त्याला धरून नेलं. पीएसए आला १.१. त्यानं आनंदानं फोटो पाठवला. रिपोर्टवर किटचं नाव छापलेलं नव्हतं. ते विचारून आण, तारीख घालून लिहून ठेव, आणि पुढची तपासणी याच लॅबमध्ये कर, म्हणून मी त्याला दुसऱ्या दिवशी परत पाठवला.